पीएचपी ८.५ आलं, आणि आपले मथळे अजून तुटतायत

बोरघाट | २२ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:४०

मंडळी, गुरुवारी २० तारखेला वेबसाइट बनवायच्या पीएचपी भाषेची ८.५ ही आवृत्ती बाहेर पडली. आज शनिवार, क्लायंट गप्प आहे, म्हणून घरच्या मशीनवर चढवून बघितलं. दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात हा एक सण असतोच, पण यंदा भाषेची तिशीही झाली. ८ जून १९९५ ला रॅस्मस लेरडॉर्फने यूजनेटवर (इंटरनेटवरचे जुने चर्चागट) 'पर्सनल होम पेज टूल्स' जाहीर केली होती. आपला बायोडेटा कोण कोण बघून जातं हे मोजायला त्याने सी भाषेत लिहिलेल्या चार बारक्या हत्यारांचा हा पसारा.

आज जे वापरून झालं ते सांगतो.

पाइप ऑपरेटर आला, म्हणजे एका फंक्शनचं उत्तर पुढच्या फंक्शनला देणारं चिन्ह. आत्तापर्यंत ट्रिमच्या आत लोअर, लोअरच्या आत रिप्लेस असं आतून बाहेर वाचत यायला लागायचं आणि शेवटी कंस मोजत बसायचं. आता डावीकडून उजवीकडे सरळ वाचता येतं. पण उजवीकडचं फंक्शन एकच आर्ग्युमेंट (इनपुट) घेणारं लागतं. रिप्लेससारखं तीन मागणारं असेल तर ॲरो फंक्शन लिहा, आणि तेही कंसात घाला. म्हणजे कंसांतून सुटका नाहीच.

ॲरेतला, म्हणजे यादीतला, पहिला आणि शेवटचा घटक देणारी फंक्शनं आली. तीस वर्षांनी! पहिली आणि शेवटची की (घटकाचा क्रमांक किंवा नाव) देणारी ७.३ पासून होती, पण घटक हवा तर एंड वापरायचा, आणि तो वापरला की ॲरेचा आतला काटा गुपचूप शेवटाला जाऊन बसतो. त्या काट्यापायी मी एकदा रात्रभर जागलोय.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे प्रोग्राम जागीच मारणाऱ्या फेटल एररला आता बॅकट्रेस मिळतो. 'मेमरी संपली' एवढंच सांगून मरण्यापेक्षा कुठून कुठून चालत आलो ते सांगून मरतं.

तर, अजून कोण कोण पीएचपी लिहितंय? हात वर करा.

---

नोड_नाना | २२ नोव्हेंबर, ११:५२

पीएचपी अजून आहे? मला वाटलं तेराव्याचं जेवणसुद्धा झालं.

---

बोरघाट | २३ नोव्हेंबर, १२:०५

नाना, तुमच्या गल्लीतल्या दहा दुकानांच्या साइट उघडून बघा, निदान चार वर्डप्रेसवर निघतील, आणि वर्डप्रेस पीएचपीतच लिहिलंय. जेवण तुमच्याकडे, श्राद्ध आमचं, असं नका करू.

---

सर्व्हरकाका | २३ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

हात वर. २००१ पासून. पीएचपी ४ वर सुरुवात केली, तेव्हा रजिस्टर ग्लोबल्स चालू असायचं. म्हणजे पत्त्याच्या पट्टीत प्रश्नचिन्ह टाकून ॲडमिन बरोबर १ लिहिलं, की एखाद्या भाबड्या साइटवर तुम्ही खरंच ॲडमिन. ते ५.४ मध्ये कायमचं गेलं, आणि आलेल्या मजकुरातल्या अवतरणचिन्हांपुढे आपोआप तिरकी रेघ घालणारे मॅजिक कोट्सही त्याच्याबरोबरच. आजच्या पोरांना हे सांगितलं तर आजोबा भुताच्या गोष्टी सांगतायत असं वाटतं.

बोरघाट, एक तारीख तू विसरलास. काल २२ नोव्हेंबर, पीएचपी फाउंडेशनला चार वर्षं पूर्ण झाली. ती निघाली तेव्हाची परिस्थिती आठवते का? निकिता पोपोव्ह जेटब्रेन्स कंपनीत पगारावर पीएचपीचं काम करायचा, त्याने ठरवलं की आता एलएलव्हीएम या कंपायलरच्या प्रकल्पाकडे जायचं. त्याच वर्षी पीएचपीचाच डेव्हलपर जो वॉटकिन्सने लिहून ठेवलं होतं की इंजिनाचा काही भाग आतून ओळखणारी माणसं फार तर दोन आहेत. अर्ध्या जगाच्या साइट आणि दोन माणसं! दोघे एकाच एसटीने निघाले असते तर? मग जेटब्रेन्स, ऑटोमॅटिक, लाराव्हेल, झेंड वगैरे कंपन्यांनी पैसे एकत्र केले आणि डेव्हलपरांना पगार सुरू झाला. ८.५ वेळेवर येतं त्यामागे हे आहे. नुसत्या हौसेवर एवढं वेळापत्रक पाळलं जात नाही.

---

फ्रेशर_सांगली | २३ नोव्हेंबर, ९:३०

नमस्कार, मी इथे नवीन. जूनमध्ये पुण्यात लागलो. कंपनीत लाराव्हेल, म्हणजे पीएचपीचं फ्रेमवर्क, वापरतात. एक प्रश्न बरेच दिवस मनात आहे, हसू नका. पीएचपी ५ नंतर एकदम ७ कसं? ६ कुठे गेलं?

---

सर्व्हरकाका | २३ नोव्हेंबर, १०:१०

हसणार नाही बाळा, कारण ती गोष्ट आपल्यासारख्यांसाठीच होती.

पीएचपीच्या लेखी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, ही नुसती बाइटांची माळ. त्या बाइटांचं अक्षर होतं की नाही, याच्याशी तिला देणंघेणं नाही. इंग्रजीत एक बाइट एक अक्षर, त्यामुळे तिकडे कुणाला काही दुखत नव्हतं. २००५ च्या सुमारास आंद्रेई झ्मिएव्हस्कीने काम हातात घेतलं, की भाषा आतूनच युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं प्रमाण) करायची. तेच पीएचपी ६. आत ते क्रमांक बाइटांत मांडायला यूटीएफ-१६ ही पद्धत निवडली, आणि तिथेच गाडी रुतली. बाहेरचं जग यूटीएफ-८ बोलणार, डेटाबेस यूटीएफ-८, ब्राउझर यूटीएफ-८, म्हणजे आत येताना आणि बाहेर जाताना प्रत्येक वेळी रूपांतर. मेमरी जास्त, वेग कमी, आणि शेकडो फंक्शनं नव्याने लिहायची. काम करणारे थकत गेले. नावांची टक्कर टाळणाऱ्या नेमस्पेससारख्या ज्या चांगल्या गोष्टी तयार होत्या त्या काढून २००९ मध्ये ५.३ मधून दिल्या, आणि मार्च २०१० मध्ये ६ चा गाशा गुंडाळला.

तोपर्यंत 'पीएचपी ६' नावाची पुस्तकं छापून दुकानात आली होती! नसलेल्या भाषेची. म्हणून पुढच्या आवृत्तीच्या वेळी नाव ६ की ७ यावर २०१४ मध्ये रीतसर मतदान झालं आणि ७ निवडून आलं. ३ डिसेंबर २०१५ ला ते बाहेर पडलं, ५.६ च्या मानाने जवळपास दुप्पट वेगाने. सगळे वेगावर खूश झाले. युनिकोडची आठवण कुणी काढली नाही.

---

अनुस्वार | २३ नोव्हेंबर, दुपारी १:२०

काका, मी काढते आठवण. या विषयावर मला आठ वर्षांची मळमळ आहे, तेव्हा प्रतिसाद मोठा होणार, चहा घेऊन बसा.

२०१७ साली एका मराठी बातम्यांच्या साइटचं काम माझ्याकडे आलं. नाव सांगत नाही. तक्रार अशी, की मुख्य पानावर काही बातम्यांना डोकंच नसतं. फोटो आहे, वेळ आहे, मथळ्याची जागा रिकामी. आत क्लिक केलं की मथळा व्यवस्थित. आणि हे काही ठरावीक बातम्यांनाच. आधीच्या डेव्हलपरने 'कॅशेचा प्रॉब्लेम' म्हणून दोन वर्षं काढली होती.

कोड उघडला. मुख्य पानासाठी मथळा सबस्ट्र या कापायच्या फंक्शनने ६० वर कापलेला. ६० अक्षरं नाहीत, ६० बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं. काना वेगळा ३, वेलांटी वेगळी ३, हलन्त वेगळा ३. मोकळी जागा, स्वल्पविराम, उद्गारचिन्ह मात्र १ बाइट. म्हणजे ६० वर सुरी पडली की ती कधी दोन चिन्हांच्या मधे, कधी एका चिन्हाच्या पोटात. पोटात पडली तर शेवटी एक-दोन बाइटांचा चोथा उरतो. मग तो तुकडा, पानावर दाखवण्याआधी मजकूर सुरक्षित करणाऱ्या एचटीएमएल स्पेशल कॅर्स या फंक्शनकडे जायचा. त्या काळच्या आवृत्तीत या फंक्शनला मोडका यूटीएफ-८ दिला की ते तक्रार न करता सरळ रिकामी स्ट्रिंग परत द्यायचं. एररही नाही, लॉगही नाही. मथळा गायब!

आता गंमत. ६० ला ३ ने भाग जातो. म्हणजे पहिल्या ६० बाइटांत असली १ बाइटची चिन्हं तीन, सहा किंवा नऊ असली तर मथळा दिसणार. चार, पाच, सात, आठ असली तर गायब. मी ताळा घेतला, एकही मथळा चुकला नाही.

आणि सगळ्यात भारी पुढेच आहे. त्यांच्याकडे एक ज्येष्ठ उपसंपादक होते, निवृत्तीला आलेले. मी हे सगळं समजावून सांगायला गेले, तर ते म्हणाले, "मॅडम, मथळा दिसला नाही तर सुरुवातीला एक स्वल्पविराम घालायचा. तरी नाही दिसला तर अजून एक उद्गारचिन्ह." या माणसाने दोन वर्षं कोड न बघता मॉड्युलो तीनचं, म्हणजे तीनने भागून उरणाऱ्या बाकीचं, गणित हाताने सोडवलं होतं! त्या साइटच्या जुन्या मथळ्यांत विनाकारण स्वल्पविराम का आहेत, हे वाचकांना कधी कळणार नाही.

बाइटांऐवजी चिन्हं मोजणारं एमबी सबस्ट्र घालून दुरुस्त केलं. बिल लावलं अर्ध्या दिवसाचं.

---

एडिसनकर | २३ नोव्हेंबर, १:५५

ताई, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

८.१ पासून त्या स्पेशल कॅर्स फंक्शनची सवय बदलली, मोडक्या बाइटच्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह टाकून बाकीचं दाखवतं. म्हणजे रोग तोच, पण आता निदान पुरळ तरी दिसतं. डेटा पाठवण्यासाठी मजकुरात बदलणारं जेसन एन्कोड मात्र अजून मोडका तुकडा दिसला की सगळाच्या सगळा डेटा नाकारून फॉल्स देतं. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या नोंदणीचं पान एकदा असंच पूर्ण पांढरं पडलं होतं. कारण काय, तर एकाच्या गावाचं नाव २० बाइटवर कापलेलं.

---

म्हापशेकार | २३ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

+१. आमच्या गोव्यातल्या एका संस्थेची साइट मी सांभाळतो, मराठी आणि कोंकणी दोन्ही देवनागरीत. तिथला जुना डेटा लॅटिन-१ (एक बाइट म्हणजे एक युरोपीय अक्षर अशी जुनी पद्धत) समजून साठवलेला होता. ज्याने तो बघितलाय त्याला कळेल. 'म' च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्यापुढे चलनाचं ते सूर्यासारखं चिन्ह, मग रजिस्टर्डचा गोलातला आर. महिनाभर बघून बघून मला ते वाचता यायला लागलं. काना दिसला की शेवटी पाऊण यायचं, तीन भागिले चार. र ला अंशाचं चिन्ह. आणि दीर्घ वेलांटी म्हणजे येन आणि पाठोपाठ युरो. बायको म्हणाली, तुम्ही शेअर बाजारात पडलात की काय.

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या यूटीएफ८ चीही तीच कथा. नाव यूटीएफ८, पण मावतं फक्त ३ बाइटपर्यंतचं. आपली देवनागरी नेमकी ३ बाइटची, म्हणून आपण वाचलो. लोक इमोजी टाकायला लागले, ते ४ बाइटचे, आणि 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' नंतर केक आला की पुढचा सगळा मजकूर तिथेच कापला जायचा. वर्डप्रेसने एप्रिल २०१५ मध्ये ४.२ ला ४ बाइटही मावणारं यूटीएफ८एमबी४ घेतलं तेव्हा सुटलो.

---

नोड_नाना | २३ नोव्हेंबर, ४:१०

म्हणजे थोडक्यात, भाषा मोडकी आहे हे तुम्ही सगळ्यांनी मिळून सिद्ध केलंत. धन्यवाद.

---

अनुस्वार | २३ नोव्हेंबर, ४:२२

नाना, तुमच्या नोडच्या जावास्क्रिप्टमध्ये 'कुलकर्णी'ची लांबी विचारा, ८ सांगेल. तुमच्या डोळ्यांना ८ अक्षरं दिसतायत का? काचेच्या घरात बसून बोलू नये.

---

फ्रेशर_सांगली | २३ नोव्हेंबर, ५:००

मी करून बघितलं. पीएचपीत लांबी मोजणाऱ्या साध्या स्ट्रलेनने २४, त्याच्या एमबी प्रकाराने ८, ग्राफीम प्रकाराने ४. कोणतं खरं?

---

अनुस्वार | २३ नोव्हेंबर, ५:३५

तिन्ही. २४ बाइट. ८ चिन्हं: क, उकार, ल, क, र, हलन्त, ण, वेलांटी. आणि ४ म्हणजे पहिलीच्या बाई बोर्डावर लिहून मोजतील ती अक्षरं: कु, ल, क, र्णी.

म्हणून एमबी सबस्ट्रही पूर्ण उपाय नाही, मी २०१७ मध्ये समजत होते तसा. 'कुलकर्णी' ६ वर कापलं की 'कुलकर्' उरतं, पाय मोडका. बाइट शाबूत, भाषा मोडली. देवनागरी दाखवण्यासाठी कापायची असेल तर ग्राफीम सबस्ट्र, दुसरं काही नाही. त्याला इंटल नावाचं पीएचपीला वेगळं जोडायचं एक्स्टेंशन लागतं, आणि स्वस्त होस्टिंगवर नेमकं तेच बंद असतं.

काका म्हणाले युनिकोडची आठवण कुणी काढली नाही, ते मात्र तितकंसं खरं नाही. पीएचपी ६ एकदम द्यायला निघालं होतं ते आता सुट्या पैशांत येतंय. ८.३ मध्ये मजकूर ठरावीक लांबीपर्यंत भरणारं एमबी स्ट्र पॅड. ८.४ मध्ये कडेच्या मोकळ्या जागा काढणारं एमबी ट्रिम आणि अक्षरं सुटी करणारं ग्राफीम स्ट्र स्प्लिट. आता ८.५ मध्ये ग्राफीम लेव्हनश्टाइन, म्हणजे दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक हे अक्षरांच्याच हिशेबाने. मराठी नावं जुळवायला मला हे पाच वर्षांपूर्वी हवं होतं. बोरघाट, तुझ्या यादीत हे नव्हतं, राग नाही, पण नोंद घे.

---

बोरघाट | २३ नोव्हेंबर, ६:१५

घेतली नोंद. चूक कबूल. मी पाइपच्या नादात खालची यादी वाचलीच नाही.

अवांतर: ते हिब्रू एरर आठवतं का कुणाला? दुहेरी कोलन चुकला की पीएचपी 'पामायिम नेकुदोतायिम' असं काहीतरी बोलायचं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सर्व्हर हॅक झालाय असं समजून वायर काढली होती. नंतर कळलं, झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स हे इस्रायलच्या टेक्निऑन विद्यापीठाचे, १९९७ मध्ये त्यांनी पार्सर (कोड वाचून त्याचा अर्थ लावणारा भाग) नव्याने लिहिला आणि त्यातून पीएचपी ३ आलं. त्यांनी दुहेरी कोलनच्या टोकनला आपल्या भाषेतलं नाव ठेवलं. अर्थ दोनदा कोलन. आपल्यापैकी कुणी असतं तर 'जोडविसर्ग' ठेवलं असतं.

---

सर्व्हरकाका | २३ नोव्हेंबर, रात्री ८:४५

वायर काढली! लोल.

खरं हॅक झालं ते २०२१ च्या मार्चमध्ये, २८ तारखेला. पीएचपीचा कोड ठेवलेल्या त्यांच्या स्वतःच्या गिट सर्व्हरवर दोन कमिट (कोडमधले बदल) आल्या, एक लेरडॉर्फच्या नावाने, एक पोपोव्हच्या. संदेश काय, तर टायपो दुरुस्त केला. आत मागचं दार. ब्राउझरची ओळख सांगणाऱ्या यूजर-एजंट हेडरच्या नावात शेवटी एक टी जास्त टाकून ठरावीक शब्दाने सुरू होणारा मजकूर पाठवला, की सर्व्हर तो कोड म्हणून चालवणार. टायपो दुरुस्त करतो सांगून टायपो घुसवला, एवढी हुशारी! इतर डेव्हलपरांच्या नजरेला ते काही तासांत आलं, कुठल्याही प्रकाशित आवृत्तीत गेलं नाही. त्यानंतर स्वतःचा सर्व्हर सांभाळण्याचा हट्ट सोडला आणि भांडार गिटहबवर गेलं.

फ्रेशर, तुझ्यासाठी: डोळ्यांखालून घातल्याशिवाय 'टायपो फिक्स' सुद्धा मर्ज करायचं, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळायचं, नाही.

---

एडिसनकर | २३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

धाग्याचा विषय बातम्यांचा आहे तर एक आपल्या अंगणातली. वर्डप्रेसवाल्यांचं संमेलन, वर्डकॅम्प आशिया, पुढच्या वर्षी मुंबईत आहे. ९ ते ११ एप्रिल २०२६, बीकेसीच्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. या कार्यक्रमाचं नशीब बघा, पहिला २०२० मध्ये बँकॉकला ठरला आणि कोविडने तोंडावर रद्द झाला. मग २०२३ बँकॉक, २०२४ तैपेई, २०२५ मनिला, आणि आता मुंबई. त्या सुमारास मी घरी येणार आहे. कोण कोण जातंय?

---

म्हापशेकार | २३ नोव्हेंबर, ९:५०

येणार. रात्रीची कोंकणकन्या पकडली की सकाळी मुंबईत. २०१६ च्या फेब्रुवारीत आयआयटी पवईला द्रुपलकॉन आशिया (वर्डप्रेससारख्याच द्रुपलचं संमेलन) झालं होतं, तेव्हाही गेलो होतो. द्रुपल सोडून पाच वर्षं झाली, पण तिथे भेटलेल्या चौघांशी अजून बोलणं आहे. कामं त्यातूनच मिळतात, भाषणांतून नाही.

---

अनुस्वार | २३ नोव्हेंबर, १०:२०

मीही. पहिला दिवस, ९ तारीख, योगदानाचा असतो. टेबलं मांडलेली असतात, कोअर (वर्डप्रेसचा मूळ कोड), डॉक्युमेंटेशन, भाषांतर. कोड येत नसला तरी चालतं. मराठी वर्डप्रेसची भाषांतरं बघा एकदा, काही शब्द असे आहेत की मूळ इंग्रजी समोर ठेवल्याशिवाय मराठी कळत नाही. एका टेबलाला आपण पाच-सहा जण बसलो तर एका दिवसात बरंच साफ होईल. फ्रेशर, तू ये. तुला व्याकरण येतं असं तुझ्या प्रतिसादांवरून दिसतंय, ही दुर्मीळ गोष्ट आहे.

---

फ्रेशर_सांगली | २३ नोव्हेंबर, १०:४१

येतो ताई, गुरुवार आहे, रजा मागतो.

पण एक अडलंय. मघाचं 'कुलकर्णी' मी ऑफिसच्या जुन्या सर्व्हरवरही चालवलं. सेंटओएस ७ आहे, लिनक्सचा जुना प्रकार. तिथे ग्राफीमने ५ सांगितलं. माझ्या लॅपटॉपवर ४. कोड तोच, अक्षर तेच.

---

अनुस्वार | २३ नोव्हेंबर, ११:०५

शाबास, हे तू स्वतः शोधलंस.

पीएचपी स्वतः अक्षरं मोजत नाही, ते काम आयसीयू नावाच्या लायब्ररीकडे सोपवतं, आणि ती सर्व्हरवर जी असेल ती. जुन्या नियमात हलन्तानंतर तोडायला मुभा होती: कु, ल, क, र्, णी. झाले ५. देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू अशा लिप्यांतली जोडाक्षरं तोडू नयेत हा नियम युनिकोडच्या मूळ प्रमाणात सप्टेंबर २०२३ ला, १५.१ मध्ये आला. नव्या लायब्ररीत र्णी एकच, म्हणून ४. तुमचा सेंटओएस ७ तर जून २०२४ मध्येच संपला, त्यावर सुरक्षेची दुरुस्तीही येत नाही.

त्या सर्व्हरवर नावं कापून कुठे छापता का? ओळखपत्रं, प्रमाणपत्रं, पाकिटावरचे पत्ते?

---

फ्रेशर_सांगली | २३ नोव्हेंबर, ११:१२

प्रमाणपत्रं. एका क्लाससाठी. मागच्या महिन्यात नऊशे छापून गेली.

---

सर्व्हरकाका | २३ नोव्हेंबर, ११:१४

अरे देवा.

---

फ्रेशर_सांगली | २४ नोव्हेंबर, सकाळी १०:५०

आत्ता डेटाबेसमध्ये शोधलं. कुलकर्णी अकरा आहेत, पण नाव आधी आणि आडनाव मागून, त्यामुळे लांब नावाच्या तिघांचंच कापलं गेलंय. एक आहे 'ज्ञानेश्वरी पुरुषोत्तम कुलकर्'. तिने दोनदा मेल केला होता, आमच्याकडून 'ब्राउझर अपडेट करा' असं उत्तर गेलंय. सरांना सांगितलं, तिघांची आज परत छापतोय. सर्व्हर बदलायचं तिकीट टाकलंय, त्यावर अजून कुणी काही बोललेलं नाही.